जुन्या वाड्याचं वायरिंग: आगीचं मूळ कुठे शोधायचं आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची

ग्वाल्हेर शहराच्या लश्कर भागातल्या जुन्या वाड्यात शिरलं की वायरिंगचे तीन-चार काळ एकाच भिंतीवर दिसतात. माजघरात लाकडी पट्टीतून गेलेली रबर आणि सुती वेष्टणाची वायर. तिच्या शेजारी सागवानी बॅटनवर क्लिपा ठोकून बसवलेली ॲल्युमिनियमची. त्यावर पांढरी पीव्हीसी पट्टी. आणि अलीकडे एसी घेतला तेव्हा मीटरपासून थेट खिडकीतून ओढलेली एक जाड केबल. मोहल्ला दौलतगंज असो, जनकगंज असो किंवा ‘चिटणीस की गोठ’, प्रत्येक पिढीनं आपली वायर ओढली आणि आधीची कुणी काढली नाही. भिंती आपल्याकडच्या वालुकाश्माच्या. त्यांत खाचा मारून पाइप पुरणं हे वीटबांधकामाइतकं सोपं नाही, म्हणून सगळं वरूनच चालतं. त्या भिंतींना आग लागत नाही हे खरं, पण खांब, तुळया, जिना, माळा आणि माळ्यावरच्या गाद्या, गोधड्या, जुन्या वह्या यांना लागते.

घरच्यांना भीती वाटते ती जुनाट वायरीची. ती रास्त आहे, पण शोध तिथून सुरू करू नये. वायरिंगची आग बहुतेक वेळा सरळ गेलेल्या वायरीत सुरू होत नाही. ती सुरू होते जिथे वायर कशाला तरी जोडली आहे तिथे: सॉकेटच्या स्क्रूखाली, छताच्या सिलिंग रोजमध्ये, टेप गुंडाळलेल्या पिळात, फ्यूजच्या जबड्यात. आणि अशा जोडाचा एमसीबीला, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचला, पत्ताच नसतो.

हिशेब करून बघा. चांगल्या जोडाचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ओहमच्या काही हजारांश भागांइतका असतो. तो सैल झाला, गंजला आणि अर्ध्या ओहमवर गेला, आणि त्यातून गीझरचे 10 अँपिअर गेले, तर 10 गुणिले 10 गुणिले 0.5, म्हणजे 50 वॉट उष्णता स्क्रूच्या टोकाएवढ्या जागेत तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचं असतं. आता एमसीबीच्या जागी स्वतःला ठेवा. तिला 10 अँपिअर दिसतात, किंबहुना रोध वाढल्यामुळे किंचित कमीच. ती का पडेल? एमसीबी वायरची राखण करते, जोडाची नाही. त्यामुळे ‘आम्ही सगळ्या एमसीबी नव्या बसवल्या’ एवढ्यानं वाडा सुरक्षित होत नाही.

आधी नकाशा

वाटण्या झालेल्या वाड्यात कुणाची वायर कुणाच्या खोलीतून जाते हे कुणालाच माहीत नसतं. देवडीत चार मीटर, चार मेन स्विच, आणि थोरल्यांच्या माडीवरचा दिवा धाकट्यांच्या फ्यूजवर. भाऊबंदकी कितीही असो, या कामाला सगळी घरं एकत्र लागतात. त्यासाठी सुट्टीची सकाळ ठरवावी आणि फ्रिज, संगणक वगैरे आधी बंद करून ठेवावेत.

एक माणूस देवडीत उभा राहतो आणि एकेक सर्किट बंद करतो. दुसरा हातात टेबललॅम्प घेऊन प्रत्येक सॉकेटमध्ये लावत फिरतो. वरून आवाज यायला हवा: “वहिनी, तुमचा पंखा थांबला का?” “पंखा चालूय, पण देवघरातला दिवा गेला!” हे उत्तर लिहून घ्यायचं, कारण नेमकं तेच सापडायला हवं होतं. आराखडा सुबक नसला तरी चालेल. वहीच्या पानावर खोल्या काढा, प्रत्येक पॉइंटजवळ त्याच्या सर्किटचा आकडा टाका, आणि जे पॉइंट कुठल्याही फ्यूजनं बंद होत नाहीत त्यांच्याभोवती लाल गोल करा. ते बहुधा कुणीतरी मेनच्या आधीच जोडून घेतलेले असतात. त्यांचा निकाल सर्वांत आधी लावायचा.

इथे एक सावधगिरी. जुन्या बोर्डांवर फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी) दोन्हींना किटकॅट फ्यूज, म्हणजे चिनी मातीच्या खोबणीत तार बसवायचे फ्यूज, लावायची पद्धत होती. न्यूट्रलचा फ्यूज काढला की दिवा विझतो, पण वायरीत फेज जिवंतच राहतो. म्हणून दिवा गेला म्हणजे लाइन बंद झाली असं धरू नका. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघायचा, मग बंद पॉइंटवर. हात घालण्याआधी मेन स्विचच खाली.

दोन घरांनी एकच न्यूट्रल वाटून घेतला असेल तर तोही याच फेरीत सापडतो. दोन्हींचा करंट त्या एका वायरीतून परततो. दोन्ही लाइनी एकाच फेजवर असल्या तर न्यूट्रलवर दुप्पट भार येतो आणि त्याच्या रक्षणाला कुणीच नसतं. तीन फेज असलेल्या वाड्यात सामायिक न्यूट्रल तुटला तर काही खोल्यांत 230 व्होल्टच्या जागी 400 च्या जवळपास दाब जाऊ शकतो. ‘सगळ्या घरातले चार्जर एकदम उडाले’ असं ऐकू आलं की पहिला संशय न्यूट्रलवर घ्यावा.

हात, नाक, कान

दुसऱ्या फेरीला पैसे लागत नाहीत. गीझर, हीटर, इस्त्री, इंडक्शन अशी जड वस्तू नेहमीच्या सॉकेटवर अर्धा तास चालवा. मग स्विच बंद करून प्लग उपसा आणि लगेच पिनांजवळ हाताची मागची बाजू न्या. कोमट असेल तर ठीक. बोट टेकवत नसेल तर सॉकेटच्या आतले पितळी जबडे सैल झाले आहेत किंवा मागचा स्क्रू. पिनेवर तपकिरी-काळा डाग, प्लॅस्टिकला पिवळसरपणा, पिनेच्या भोकाभोवती वितळल्याची कड, यांतलं एकही दिसलं तर ते सॉकेट आणि तो प्लग दोन्ही बदलायचे. फक्त सॉकेट बदललं तर जळकी पिन नव्या जबड्यालाही खराब करते.

जळक्या प्लॅस्टिकचा वास सगळे ओळखतात. तापलेल्या बोर्डाला कधी कधी शिळ्या मासळीसारखा वास येतो, आणि शाकाहारी घरात तो पटकन लक्षात येतो, पण मंडळी मेलेला उंदीर शोधत बसतात! असा वास आला तर आधी त्या खोलीचा फ्यूज काढा, उंदीर नंतर. दिवा मिणमिणणं, पंखा लावला की ट्यूब फडफडणं, स्विचमधून तडतड हीही सैल जोडाचीच लक्षणं आहेत. न शिवता तापमान मोजणारं पिस्तुलासारखं थर्मामीटर मिळतं. सगळे बोर्ड त्यानं तपासून एखादाच शेजाऱ्यांपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी जास्त गरम निघाला, तर तोच आधी उघडायचा.

जोड उघडताना

हे काम परवानाधारक वायरमनचं. पण त्याच्यासोबत उभं राहावं, कारण “साहब, तार तो बढ़िया है” म्हणून झाकण लावून टाकायची सवय बऱ्याच जणांना असते. तार बढ़िया असेलही. आपल्याला जोड बघायचा आहे.

बोर्डाची फळी पुढे ओढली की आत काय दिसतं? एका स्क्रूखाली कोंबलेल्या तीन-चार वायरी, त्यातली एक अर्धी बाहेर. तारेचे पीळ कापून कमी केलेले, कारण भोकात बसत नव्हते. वेष्टण स्क्रूपासून बोटभर लांब सोललेलं. आणि काळी टेप, जिचा डिंक उन्हाळ्यांनी वाळून गेलाय आणि जी आता नुसतीच गुंडाळलेली आहे. रबरी वायर असेल तर तिला वाकवू नका. ते रबर इतकं ठिसूळ झालेलं असतं की हलवताच कपचे पडतात आणि आत उघडी तार दिसते. रबरी वायर दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, ती रद्दच करायची.

ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी. ती वायर धडधाकट दिसते, पण जोडाला वाईट. हवेत आली की तिच्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो वीज नीट जाऊ देत नाही. तापल्यावर ती तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावते, आणि स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू चपटी होत सरकते. त्यामुळे आज घट्ट केलेला स्क्रू काही उन्हाळ्या-हिवाळ्यांनी सैल. त्यात तांब्याच्या वायरीशी तिला नुसता पीळ मारला आणि पावसाळी ओल मिळाली की दोन धातूंमध्ये गंजही सुरू. बहुतेक वाड्यांत नव्या एसीची किंवा पंख्याची तांब्याची वायर जुन्या ॲल्युमिनियमला अशीच पिळून लावलेली असते. पैसे बेताचे असतील तर तूर्त द्विधातू थिंबल (ॲल्युमिनियम-तांबं जोडायची धातूची टोपी) दाबून जोड करून घ्या आणि त्या लाइनीवर फक्त दिवे-पंखे ठेवा. जड भार ॲल्युमिनियमवर अजिबात नको.

नवा जोड कसा असावा? हवेत लोंबकळणारा एकही नको. प्रत्येक जोड डबीत, आणि डबी हाताला लागेल अशी. पीळदार वायरीला टोकाला थिंबल किंवा फेरूल (धातूची बारीक नळी) दाबून मगच स्क्रूखाली. टोकाला कथिल लावून स्क्रूखाली धरायची जुनी युक्ती सोडून द्यावी, कारण कथिल दाबाखाली बसत जातं आणि जोड पुन्हा ढिला होतो. शेवटी वायर हातानं ओढून बघायची. हलली तर पुन्हा.

फ्यूज वायरीच्या मापाचा, भाराच्या नव्हे

किटकॅट फ्यूज उडाला की घरात जी तार सापडेल ती गुंडाळली जाते. 5 अँपिअरच्या फ्यूजची कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार 0.2 मिलिमीटर जाडीची असते, 10 ची 0.35, 15 ची 0.5. वायरीतून काढलेले तीन-चार पीळ एकत्र बसवले की फ्यूज बसतो कायमचा, आणि मग उडायची पाळी भिंतीतल्या वायरीवर येते. शक्य असेल तिथे किटकॅट काढून एमसीबी बसवा.

पण एमसीबी निवडताना उलटी चूक होते. एसी लावला की 16 ची पडते, म्हणून 32 ची बसवून देतात. दुकानदारही देतो, आपण मागतो म्हणून. वायर मात्र तीच. माप साधं आहे: दिवे-पंख्यांच्या 1.5 चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीला 6 किंवा 10 अँपिअर, जड सॉकेटच्या 2.5 ला 16, एसी-गीझरच्या 4 ला 20. एमसीबी वरचेवर पडत असेल तर ती तक्रार करतेय. ऐकायचं आणि भार वाटायचा किंवा वायर बदलायची.

हेही लक्षात असू द्या की 16 ची एमसीबी 16 ला पडत नाही. मानकाप्रमाणे 18 अँपिअर ती तासभर सहज सोसते आणि 23 च्या आसपास तासाच्या आत कधीतरी पडते. तेवढा वेळ वायर तापत राहते. आणि ग्वाल्हेरची मे महिन्यातली दुपार यात भर घालते. साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादा 70 अंश. खोलीत 30 अंश असताना तिला 40 अंश तापायची मुभा असते; 47 अंशांच्या दुपारी जेमतेम 23. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, त्या हिशेबानं अशा दिवशी तीच वायर सुमारे तीन-चतुर्थांश करंटच सुरक्षितपणे नेते. आणि एसी नेमका त्याच दुपारी चालतो. माळ्यावरून, दगडी छपराखालून गेलेल्या वायरीचं तर बघायलाच नको. म्हणून कागदावर 2.5 पुरत असली तरी माळ्यावरून जाणारी एसीची लाइन 4 ची घ्यावी, असं मी सांगेन.

नवी लाइन ओढताना

सगळ्या वाड्याचं वायरिंग एकदम बदलणं थोड्याच घरांना परवडतं. क्रम असा ठेवा: आधी देवडीतला मीटरनंतरचा बोर्ड, मग स्वयंपाकघर, मग गीझर आणि एसी यांच्या स्वतंत्र लाइनी. जड भार जुन्या वायरीवरून उतरला की तिच्यावर उरतात एलईडी दिवे आणि पंखे, आणि तेवढ्यात धोका पुष्कळ खाली येतो. माजघर-माडीचं काम पुढच्या दिवाळीला केलंत तरी चालेल. मीटर आणि त्याच्या आधीची खांबावरून येणारी वायर वितरण कंपनीची असते, तिथे आपला वायरमन हात लावणार नाही. ती वायर काळवंडली असेल किंवा भार वाढवायचा असेल तर 1912 वर तक्रार नोंदवून अर्ज करायचा.

दगडी भिंतीवर वरून जाड पीव्हीसी पाइप घ्या. तुळई, खांब, जिना यांना लागून जिथे पर्यायच नाही तिथे लोखंडी पाइप, आणि त्यालाही अर्थिंग. कोरीव महिरपीला भोकं पाडायची गरज नसते. दाराच्या चौकटीच्या आतल्या कडेनं पाइप नेला तर दिसतही नाही. उंदीर आणि खारी उघडी केबल कुरतडतात, त्यामुळे माळ्यावर पाइपशिवाय काहीही नको. वायर आयएसआय शिक्क्याची, ज्वालारोधक. आणि नवी लाइन सुरू झाली की जुनी दोन्ही टोकांना तोडून बाहेर काढा. ‘असू दे, कधी लागली तर’ म्हणून ठेवलेली मेलेली वायर पुढे कुणीतरी जिवंत करतं.

अर्थिंग आणि आरसीसीबी

जुन्या वाड्यांत अर्थिंग म्हणजे नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली तार. आता नळ प्लॅस्टिकचे झाले आणि ती तार कुठेच जात नाही. नवी अर्थिंग घालावी, पण आपल्याकडे मुरूम-खडक आणि उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत जमीन. रोध खाली येता येत नाही. समजा तो 100 ओहम राहिला. गीझरच्या सांगाड्याला फेज लागला तर 230 भागिले 100, म्हणजे 2.3 अँपिअर जमिनीत वाहतील. 16 च्या एमसीबीला ते जाणवणारही नाही. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गेलेला आणि परतलेला करंट सारखा नसला की पडणारा स्विच, मात्र क्षणात तोडेल.

आरसीसीबी माणसाचा जीव वाचवते हे लोकांना माहीत असतं. आगीशी तिचा संबंध कमी जणांना ठाऊक असतो. ओल्या भिंतीतून किंवा भिजलेल्या तुळईतून 300 मिलिअँपिअर गळती होत राहिली तर तिथे सुमारे 70 वॉट उष्णता रात्रंदिवस साठते. म्हणून मोठ्या वाड्यात देवडीत 300 मिलिअँपिअरची एक, किंचित उशिरानं पडणाऱ्या प्रकारची, आणि प्रत्येक बिऱ्हाडाला 30 ची अशी रचना चांगली. मात्र सैल जोड ही गळती नसते, आरसीसीबीलाही तो दिसत नाही. तेव्हा मागच्या पायऱ्या टाळता येत नाहीत.

जुन्या वायरिंगवर आरसीसीबी लावली की ती पावसाळ्यात सारखी पडते, आणि वैतागून कुणीतरी तिला वगळून सरळ जोडून टाकतं. त्याऐवजी मेगर, म्हणजे वायरीच्या वेष्टणाचा (इन्सुलेशनचा) रोध मोजणारं यंत्र, लावून घ्या. 500 व्होल्टवर इन्सुलेशनचा रोध किमान 1 मेगाओहम यायला हवा. एकेक सर्किट वेगळं मोजलं की दोषी लाइन सापडते. मोजण्याआधी सगळी उपकरणं आणि एलईडी दिवे काढून ठेवायला सांगा. इन्सुलेशन ठीक असूनही पडत असेल तर कारण बहुधा तोच वाटून घेतलेला न्यूट्रल.

कूलर, हीटर, इन्व्हर्टर

मोसमाच्या सुरुवातीला कूलर बाहेर काढतात तेव्हा त्याचं गवत कोरडं ठक्क असतं. वर्षभर पडून राहिलेली मोटर जाम असेल, वर संध्याकाळचं कमी व्होल्टेज, तर ती फिरत नाही, नुसती गुणगुणते आणि तापते. शेजारीच वाळलेलं गवत. म्हणून पहिल्यांदा लावताना पंखा आधी हातानं फिरवून बघा, मग गवत भिजवा, मग स्विच. गुणगुण ऐकू आली आणि पाती हलली नाहीत तर ताबडतोब बंद. कूलरच्या वायरीत मध्ये जोड नको. पाणी तिथेच उतरतं. वायरीला सॉकेटच्या खाली एक झोळ ठेवला की थेंब तिथून खाली पडतात, बोर्डात शिरत नाहीत.

हिवाळ्यात हीटर कधीही एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. 2000 वॉट म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर, आणि बाजारातल्या स्वस्त एक्स्टेंशनची वायर त्याच्या निम्म्यालाही धड नसते. ती गुंडाळी करून ठेवली तर मधल्या वेढ्यांची उष्णता बाहेरच पडत नाही.

इन्व्हर्टरची बॅटरी 12 व्होल्टची म्हणून कुणी तिला भीत नाही. 600 वॉटचा भार असला तर तिच्या केबलमधून 50 अँपिअरहून जास्त जातात, वाड्याच्या मेनपेक्षाही जास्त. टर्मिनल सैल असेल तर शिसं वितळतं. पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्यानं धुऊन, पुसून, घट्ट करून वर पेट्रोलियम जेली लावायची. धन टोकाजवळ योग्य फ्यूज हवाच, कारण दोन टोकांवर चुकून पाना पडला तर तो लाल होईल इतका करंट ती बॅटरी देते. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून जागा हवेशीर हवी. जिन्याखालची बंद कोठडी नको आणि समईजवळ तर नकोच. तीच गोष्ट देवडीत लावल्या जाणाऱ्या ई-स्कूटरची: स्वतंत्र लाइन, 16 अँपिअरचं चांगलं सॉकेट, आणि रात्री बाहेर पडायची वाट अडेल अशा जागी चार्जिंग नाही.

तरीही पेटलंच तर

मेन खाली पाडा, माणसं बाहेर काढा, 101 किंवा 112 ला फोन लावा. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी टाकायचं नाही. एबीसी पावडरचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं यंत्र देवडीत आणि माडीच्या जिन्याच्या तोंडाशी टांगलेलं हवं. माळ्यावर ठेवलेलं उपयोगाचं नाही. बोळ अरुंद असेल तर बंब कुठपर्यंत येतो आणि तिथून नळी पोचेल का, हे अग्निशमन केंद्रात जाऊन आधीच विचारून ठेवा. माळा धुरानं भरला असेल तर सामान वाचवायला वर चढू नका.

वर्षाचं वेळापत्रक

होळीच्या सुमारास, कूलर-एसी सुरू होण्याआधी, सगळे बोर्ड उघडून स्क्रू घट्ट करून घ्यायचे. दसऱ्या-दिवाळीच्या मध्ये गीझर आणि हीटरची सॉकेटं. आरसीसीबीचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. दाबूनही पडली नाही तर ती बदलायची. मेगर आणि अर्थिंगची मापं दर तीन वर्षांनी, वायरमनच्या सहीनं, वहीतल्या नकाशाच्या मागच्या पानावर तारखेसकट. त्या नकाशाची एक प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून देवडीतल्या बोर्डाच्या झाकणाला आतून चिकटवा, आणि भाडेकरू बदलला की त्यालाही दाखवा.